आधी पालक, मग कायदा

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. सोव्हिएत रशियाशी चार वर्षांपूर्वी झालेल्या करारातून वर्षाला दहा लाख टन पोलाद काढणारा हा कारखाना छत्तीसगडच्या भातशेतीच्या मुलखात उभा राहत होता. त्याच वर्षी तिकडे मुंबईत, भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयाच्या नियतकालिकात बाटलीवाला नावाच्या डॉक्टरांचा एक लेख छापून आला. विषय होता लहान मुलांमधली स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. भारतीय वैद्यकीय लेखनात या अवस्थेचा नाव घेऊन झालेला हा अगदी सुरुवातीचा उल्लेख.

या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण पुढे तो जुळत गेला. भिलाईत देशभरातून माणसं आली. त्यांत नागपूर-विदर्भाकडची मराठी कुटुंबंही होती. त्यांच्याबरोबर गाव आलं नाही, वाडा आला नाही, आजी-आजोबा बहुधा मागेच राहिले. भरल्या घरात एखादं मूल हाक मारल्यावर वळून बघत नसेल, तर ‘उशिरा बोलेल, याचा बापही उशिराच बोलला’ असं म्हणून वेळ मारून नेणारं कुणी ना कुणी असतं. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आईला ते एकटीलाच दिसतं, आणि शेजारच्या क्वार्टरमधल्या त्याच वयाच्या मुलाशी तुलनाही रोजच होते.

दुर्ग आणि भिलाई ही आता जुळी शहरं आहेत. पद्मनाभपूर ही त्यांतली दुर्गच्या बाजूची वसाहत. इथल्या एखाद्या घरात आज स्वमग्न मूल असेल, तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, राजनांदगावचं संयुक्त क्षेत्रीय केंद्र, रायपूरचं एम्स, मूल अठराचं झाल्यावर पालकत्वाच्या अर्जासाठी कलेक्टर कचेरी, असा एक रस्ता ठरलेला आहे. तो खाचखळग्यांचा आहे, पण आहे. हा रस्ता कुणी पाडला, हे बघायला मात्र नागपूर, मुंबई आणि पुण्याला जावं लागतं.

नागपूर आधी, कारण दुर्ग जिल्हा १९०६ मध्ये तयार झाला तेव्हा तो मध्य प्रांतात होता आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दुर्गकरांची वरिष्ठ कचेरी तिथेच. मध्य प्रांताची वेड्यांची इस्पितळं नागपूर आणि जबलपूरला १८६०च्या दशकात सुरू झाली. मुंबई इलाख्यात कुलाब्याचं त्याहून जुनं होतं आणि १९०१ मध्ये ठाण्याला नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचं मोठं इस्पितळ उभं राहिलं. या दगडी भिंतींच्या आत कुणाला घालायचं, याबाबत कायदा फार चोखंदळ नव्हता. १९१२च्या भारतीय वेडेपणा कायद्याच्या व्याख्येत जन्मतः मंदबुद्धी असलेला आणि नंतर मनाचा तोल गेलेला, दोघंही एकाच शब्दात बसवले होते. जनगणनाही तशीच. १८८१ ते १९३१ दर दहा वर्षांनी गणणारे दारोदार जाऊन वेडे, मुकेबहिरे, आंधळे आणि महारोगी मोजत. स्वमग्न मूल त्या रकान्यांत सापडलंच, तर वेड्यांत किंवा मुक्यांत. बहुतेक वेळा ते कुठेच सापडत नसे, कारण घरचे सांगतच नसत.

वसाहतीचा कायदा येण्याआधी मराठी मुलुख वेगळ्या वागण्याकडे कसं बघायचा, याचा एक लिखित पुरावा मात्र सातशे वर्षांपूर्वीचा आहे, आणि तोही विदर्भातला. अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धिपूरला तेराव्या शतकात गुंडम राऊळ, म्हणजे गोविंदप्रभू, राहत होते. महानुभाव पंथ त्यांना ईश्वरावतार मानतो आणि चक्रधरस्वामींचे गुरू मानतो. त्यांच्या निधनानंतर लवकरच म्हाइंभटांनी भक्तांच्या आठवणी गोळा करून त्यांचं चरित्र सिद्ध केलं. त्यातले गोविंदप्रभू लहान मुलांत खेळतात, मूर्तींशी बोलतात, मनात येईल त्या घरात शिरतात, मागून खातात, एकच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारतात, आणि ब्राह्मणाच्या घरातून उठून अस्पृश्यांच्या वस्तीत जातात. गावातली काही माणसं त्यांना वेडा म्हणतात, काही आईबाप मानतात. अॅन फेल्डहाउस या अभ्यासिकेने १९८२ मध्ये नेमक्या याच प्रश्नावर, देव की वेडा, एक निबंध लिहिला आणि दोन वर्षांनी चरित्राचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला.

गोविंदप्रभूंना आजचं निदान चिकटवण्यात काही अर्थ नाही. भक्तांनी सांगितलेल्या लीळांवरून कुणाच्या मेंदूचा अंदाज बांधता येत नाही, आणि ते मोजमाप त्या काळाचं नव्हेच. पण ऋद्धिपूर गावाबद्दल हा ग्रंथ बरंच सांगतो. विचित्र वागणाऱ्या माणसाला तिथे जेवायला मिळत होतं, त्याच्यामागे फिरणारं कुणीतरी होतं, त्याच्यावरून भांडणं होत होती आणि तो गावाच्या मधोमध होता. अर्थात प्रत्येक वेगळा माणूस ईश्वरावतार ठरत नव्हता. जो ठरला नाही, त्याचं चरित्र कुणी लिहिलं नाही.

विसाव्या शतकात मुंबईत चित्र हळूहळू बदललं. सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळेत १९३७ मध्ये देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र सुरू झालं. पुढच्याच वर्षी जे. जे. रुग्णालयात के. आर. मसानी यांनी मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग चालू केला. त्यामुळे मुलाला मनाच्या डॉक्टरकडे नेण्यासाठी वेड्यांच्या इस्पितळाच्या फाटकातून जाण्याची गरज उरली नाही. १९४१ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटीने मानखुर्दला मतिमंद मुलांसाठी बालगृह काढलं. ते मुख्यतः न्यायालयामार्फत आलेल्या निराधार मुलांसाठी होतं. ज्यांना आईबाप आहेत आणि ज्यांना मूल घरीच ठेवायचं आहे, अशांसाठी शाळा नव्हती.

ती एका घरातून निघाली. होरमसजी आणि जय वकील या पारशी दांपत्याची मुलगी दीना हिला डाउन सिंड्रोम होता. कुठलीही शाळा तिला घेईना. म्हणून १९४४ मध्ये त्यांनी घरीच शाळा सुरू केली. हीच पुढे शिवडीची जय वकील शाळा झाली. आज तिने तयार केलेला ‘दिशा’ हा अभ्यासक्रम महाराष्ट्र शासनाने राज्यभरातल्या विशेष शाळांसाठी स्वीकारला आहे. एका मुलीसाठी मांडलेला पाट सरकारी पंगतीपर्यंत पोचायला पाऊणशे वर्षं लागली.

योगायोग असा की बाहेरच्या जगातही तीच वर्षं महत्त्वाची ठरली. १९४३ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी ११ मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली आणि स्वमग्नता ही स्वतंत्र अवस्था म्हणून मांडली. १९४४ मध्ये व्हिएन्नात हान्स अॅस्पर्गर यांनी तशाच, पण बोलक्या मुलांबद्दल लिहिलं. अॅस्पर्गर यांचा नाझी राजवटीशी किती संबंध होता, हे २०१८ मध्ये कागदपत्रांनिशी पुढे आलं आणि त्यांच्या नावाची चमक उतरली. दोघांच्याही आधी, १९२५-२६ मध्ये, ग्रुन्या सुखारेवा या सोव्हिएत डॉक्टर बाईंनी अशाच मुलांची वर्णनं लिहून ठेवली होती. त्यांच्याकडे जगाचं लक्ष फार उशिरा गेलं.

कॅनरनंतरची दोन दशकं आयांना वाईट गेली. मूल स्वतःत मिटलं, कारण आई थंड आहे, असा सिद्धान्त जोरात होता. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७च्या पुस्तकाने तो घरोघरी नेला. त्याला पहिला ठोस सुरुंग लावला बर्नार्ड रिमलँड यांनी, १९६४ मध्ये. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही होते. त्याआधी १९६२ मध्ये लंडनला काही पालकांनी एकत्र येऊन संघटना काढली. त्यांत लॉर्ना विंग होत्या. त्या स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आणि स्वमग्न मुलीची आई. स्वमग्नता ही ‘आहे किंवा नाही’ अशी नसून तिच्या अनेक छटा असतात, ही आजची समज बरीचशी त्यांच्या कामातून आली.

आपल्याकडे दोष आईला द्यायला अमेरिकन सिद्धान्ताची गरज नव्हती. डोहाळे नीट पुरवले नाहीत, ग्रहण पाळलं नाही, नोकरी करते, घरात मराठी बोलत नाही, फार लाडावून ठेवलंय. प्रत्येक पिढीला तिची कारणं सापडली. भिलाई-दुर्गसारख्या बहुभाषिक गावात त्यात आणखी एक भर पडते: घरी मराठी, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी-छत्तीसगढी, म्हणून पोरगं गोंधळलं. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने स्वमग्नता येत नाही, पण हा समज निदान वर्ष-दीड वर्ष सहज लांबवतो.

रिमलँड यांचं पुस्तक आलं त्याच वर्षी, १९६४ मध्ये, पुण्यात सिंधूताई जोशी यांनी कामायनी ही मतिमंद मुलांची शाळा सुरू केली. मुलांबरोबर वाढत कामायनीत कार्यशाळाही आली, कारण शाळा संपल्यावर ही मुलं जाणार कुठे, हा प्रश्न पहिल्याच तुकडीने उभा केला. १९७२ मध्ये मुंबईत मिथू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी काढली. त्यांची मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी होती. १९९१ मध्ये दिल्लीत मेरी बरुआ यांनी अॅक्शन फॉर ऑटिझम ही संस्था स्थापन केली. त्या एका स्वमग्न मुलाच्या आई. मुंबईच्या जवळ बदलापूरला ‘आधार’ ही संस्था तर पालकांच्याच संघटनेने उभारली. तिथे मुलं नव्हे, वयाने वाढलेली मुलं राहतात. ‘आमच्यामागे याचं कसं?’ हा एकच प्रश्न त्या इमारतींचा पाया आहे.

या पालकांचं थकणं डॉक्टरांच्या आधी मराठी रंगभूमीने पाहिलं. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ नाटकात मुंबईतलं नोकरदार जोडपं आहे आणि त्यांचा मतिमंद मुलगा बच्चू आहे. अतुल परचुरे यांनी बच्चू उभा केला. दळवींच्याच ‘ऋणानुबंध’ या कादंबरीवरून प्रसाद ओक यांनी ‘कच्चा लिंबू’ हा चित्रपट काढला. त्याला २०१७चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मधल्या काळात, १९९१ मध्ये, दिलीप प्रभावळकरांचा ‘चौकट राजा’ येऊन गेला होता. दळवींच्या लेखनात मूल हा प्रश्न नसतो. प्रश्न असतो तो घड्याळाचा, झोपेचा, नवरा-बायकोच्या न बोलण्याचा. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये न्यू यॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांमध्ये जे पाहून ‘बर्नआउट’ म्हटलं, ते मराठी प्रेक्षक शिवाजी मंदिरात बसून डोळे पुसत पाहत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली ती फक्त नोकरीच्या संदर्भात. घरातल्या चोवीस तासांच्या ड्युटीला त्या व्याख्येत जागा नाही.

कायदा या सगळ्यांच्या मागून आला. १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्व आणि मनोविकार यांची एकदाची फारकत केली. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, पण स्वमग्नता त्यांत नव्हती. त्यामुळे प्रमाणपत्रासाठी पालक मुलाला ‘मतिमंद’ लिहून घेत. ज्याचा बुद्ध्यंक चांगला, त्याला तेही मिळत नसे. पालक संघटनांच्या पाठपुराव्यानंतर १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता नावानिशी आली. या कायद्याने जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती नेमली आणि मूल अठरा वर्षांचं झाल्यावर त्याचं कायदेशीर पालकत्व कुणाकडे असावं, हे ठरवायची सोय केली. बदलापूरच्या इमारतींच्या पायातला प्रश्न कलेक्टरच्या टेबलावर पोचला तो असा.

महाराष्ट्राने याच काळात दुसऱ्या एका बाबतीत पुढाकार घेतला. १९९६ मध्ये राज्य शासनाने अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना सवलती देणारा निर्णय काढला: परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी, एखाद्या भाषेतून सूट. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात प्रमाणपत्रासाठी पालकांच्या रांगा लागू लागल्या. अमोल गुप्ते यांनी लिहिलेला ‘तारे जमीन पर’ २००७ साली आला आणि त्यातली पाचगणीची शाळा देशाने पाहिली. हा शासननिर्णय तोवर अकरा वर्षांचा झाला होता.

स्वमग्नता मोजायची कशी, याचं भारतीय उत्तर सिकंदराबादच्या मतिमंदांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलं. त्याचं नाव इसा. त्यात ४० बाबी आहेत. मूल डोळ्याला डोळा देतं का, ओळखीचं हसू हसतं का, आपणहून दुसऱ्याकडे जातं का, तेच तेच शब्द घोकतं का, वेदना जाणवल्या तर दाखवतं का. प्रत्येक बाबीला एक ते पाच गुण. बेरीज ७० च्या खाली राहिली तर स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. मानसशास्त्रज्ञ मुलासमोर खेळणी ठेवतो, हाक मारतो, वाट बघतो. बरेचसे प्रश्न आईला विचारतो. तीन वर्षांच्या मुलासाठी ही पद्धत चालते. तिशीतल्या, नोकरी करणाऱ्या, डोळ्यात बघून बोलायला स्वतःला शिकवलेल्या माणसासाठी ती बेतलेली नाही. त्याची आई बरोबर आलेली नसते. आली तरी पंचवीस वर्षांपूर्वीचं तिला नेमकं आठवत नाही.

हा तिशीतला माणूस या इतिहासातला सर्वांत नवा पाहुणा आहे. तो शाळेत हुशार होता. त्याला ‘एकलकोंडा’, ‘तुसडा’, ‘जरा विक्षिप्त’ म्हणत आले. बाई असेल तर ‘फार हळवी’. कधी मुलाचं निदान करायला गेल्यावर बापाला आपल्याच लहानपणाची ओळख पटते. २०२० मध्ये अमेरिकेत डोरा रेमेकर आणि सहकाऱ्यांनी स्वमग्न प्रौढांच्या १९ मुलाखती आणि त्यांचं इतर लेखन तपासून अशा माणसांच्या थकव्याचं वर्णन मांडलं. हा थकवा साधारण तीन महिन्यांहून जास्त टिकतो. आधी येत असलेल्या गोष्टी, अगदी बोलणं किंवा स्वयंपाकसुद्धा, जमेनाशा होतात. आवाज, उजेड, गर्दी सहन होण्याची ताकद कमी होते. कारण बहुतेकांनी एकच सांगितलं: इतरांसारखं दिसण्यासाठी वर्षानुवर्षं केलेली मेहनत. रजा टाकून झोप काढली की हा थकवा जातोच असं नाही. त्याला वरवर नैराश्य म्हटलं जातं आणि ‘बाहेर पड, माणसांत मिसळ’ हा सल्ला मिळतो. त्याने दुखणं वाढू शकतं.

इथे पालकांच्या इतिहासाला एक वळण मिळतं. १९९३ मध्ये जिम सिंक्लेअर या स्वमग्न लेखकाने पालकांच्या परिषदेत सांगितलं की आमच्यासाठी शोक करू नका, तुम्हाला हवं असलेलं मूल तुम्हाला मिळालं नाही हे दुःख आमच्यावर लादू नका. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात जुडी सिंगर यांच्या प्रबंधातून मेंदूंची विविधता ही कल्पना पुढे आली. तेव्हापासून दोन बाजू आहेत. काही पालकांना वाटतं, आपल्या न बोलणाऱ्या, रात्र रात्र न झोपणाऱ्या मुलाला ‘फक्त वेगळा’ म्हटलं की मदतीचा हात आखडेल. बोलू शकणाऱ्या प्रौढांना वाटतं, ‘सुधारण्या’च्या नावाखाली लहानपणी जे घोटून घेतलं, त्याचंच बिल आता थकव्याच्या रूपाने फेडतोय. महाराष्ट्रातही हा वाद आता ऐकू येतो, आणि दोन्ही बाजू एकाच घरात राहत असण्याची शक्यता बरीच असते.

२०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून २१ झाले. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आत आल्या. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आलं आणि त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मनोविकार आणि बहुदिव्यांगत्व यांच्यात मिळून वाटला गेला. ४ जानेवारी २०२१ रोजी केंद्राने ३,५६६ पदांची यादी काढली. त्यातल्या अनेक पदांसमोर सौम्य स्वमग्नतेची खूण आहे. शिवाय प्रत्येक पदासमोर त्याला काय जमलं पाहिजे याची अक्षरं आहेत: बसणं, उभं राहणं, चालणं, वाकणं, वाचणं-लिहिणं, बघणं, ऐकणं, संवाद साधणं. गोंगाट सोसण्यासाठी किंवा आठ तास चेहरा सांभाळण्यासाठी त्यात अक्षर नाही.

त्यासाठी त्याच कायद्यात कलम २१ आहे. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर केलं पाहिजे, असं ते सांगतं. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेने दिव्यांग नोकरदारांसाठी कोणत्या सोयी केल्या आहेत आणि त्यांची बाजू बघायला कोणता अधिकारी नेमला आहे, तेही त्यात लिहायचं असतं. सूचना तोंडी न देता लेखी द्या, जागा खिडकीपासून किंवा पंख्याच्या आवाजापासून दूर द्या, बैठकीची विषयपत्रिका आदल्या दिवशी द्या, अशा मागण्या तिथे करता येतात. बहुतेक ठिकाणी त्यांना पैसा लागत नाही. भिलाईच्या कारखान्यात असो की पद्मनाभपुरातल्या एखाद्या कचेरीत, असा अर्ज आला तर त्यावर वकील दांपत्यासारखी सही आईबापांची नसेल. नोकरी करणाऱ्या माणसाची स्वतःची असेल, आणि त्या अर्जासाठी त्याला आधी हवं असेल प्रौढपणी निदान करून देणारं एखादं जवळचं केंद्र.